चादरींमागची पाच मिनिटं

छातीच्या वॉर्डात सगळे तिला ताईसिस्टर म्हणत. ताई म्हणजेही बहीण आणि सिस्टर म्हणजेही बहीण, मग दोन्ही कशाला, असं एकदा एका पेशंटनं विचारलं होतं. तेव्हा वॉर्डातला ब्रदर ट्रॉली ढकलता ढकलता म्हणाला होता की या बाई एकट्या दोघींचं काम करतात, म्हणून. ते खरंही होतं. पन्नाशीला टेकलेली, अंगानं बारीक, आणि चालणं असं की सोबत चालणाऱ्याला दम लागावा. कुणाला शीर सापडली नाही की तिला हाक जाई. ती पेशंटला मुलाबाळांचं काहीतरी विचारत बसे आणि तो उत्तर देत असतानाच सुई आत गेलेली असे.

आणि ती सिगारेट ओढत असे.

हे वॉर्डात सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी विषय काढत नसे. हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला धुलाईघर होतं आणि त्याच्यासमोर दोऱ्यांवर धुतलेल्या चादरी वाळत. त्या चादरींच्या दोन रांगांमध्ये ताईसिस्टर आणि ब्रदर जाऊन उभे राहत. ब्रदर तिच्याच वॉर्डात नर्स होता, तिशीतला, ताडमाड उंच. चादरींच्या वर त्याचं डोकं दिसायचं, त्यामुळे लपण्याला तसा काही अर्थ नव्हता.

सवय लागली ती शिकत असतानाच. तिच्या डोळ्यांदेखत दगावलेली पहिली पेशंट तिच्याच वयाची मुलगी होती. त्या दिवशी तिचे हात इतके थरथरत होते की तिला साधं बाटलीचं झाकण लावता येईना. एका वरच्या वर्गातल्या सिस्टरनं तिला मायेनं बाहेर नेलं आणि हातात सिगारेट दिली. थरथर थांबली. त्या थांबलेल्या थरथरीची किंमत ती पुढे वर्षानुवर्षं मोजत राहिली.

नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर खुणा करणारा हा माणूस घरात मात्र कुणाच्या चुकीवर बोट ठेवत नसे. ती लवंग चघळत घरात शिरली की तो उठून खिडकी उघडायचा आणि आज जरा उकडतंय म्हणायचा. थंडीच्या दिवसांतही म्हणायचा. तिला ते कळत होतं आणि म्हणूनच फार लागत होतं.

मग वॉर्डात सुतारकाका आले. आयुष्यभर दारं-खिडक्या घडवलेला माणूस. लाकडाचा भुसा आणि विड्या, दोन्हींनी मिळून फुप्फुसांची चाळण केलेली. ऑक्सिजनचा मास्क काढला की दोन वाक्यांत ओठ निळे पडायचे, तरी ते मास्क काढून बोलायचेच. पहिल्याच दिवशी त्यांनी ताईसिस्टरला सांगितलं की या वॉर्डाचं दार लावताना घासतंय, बिजागरीचा वरचा स्क्रू ढिला आहे.

एका सकाळी ती त्यांच्या मास्कचा पट्टा नीट करायला वाकली, तसं त्यांनी तिचं मनगट धरलं. जीव घाबरला असेल म्हणून तिनं हात सोडवून घेतला नाही. उलट दुसऱ्या हातानं त्यांच्या कपाळावरून हात फिरवला. त्यांनी मास्क थोडा बाजूला सारला आणि तिची बोटं नाकाशी नेली. डोळे मिटून घेतले.

"जरा हात असाच राहू द्या, सिस्टर," ते म्हणाले. "वास येतोय. बरं वाटलं."

ती तशीच उभी राहिली. हात ओढून घ्यावा तर ते दुखावतील आणि ठेवावा तर काय देतोय आपण या माणसाला? थोड्या वेळापूर्वीच तिनं पलीकडच्या खाटेवरच्या पेशंटला सिगारेट सोडण्याबद्दल चांगलं सुनावलं होतं. सुतारकाकांची पकड आपोआप सैल झाली तेव्हा ती मोरीपाशी गेली आणि नळ सोडून कितीतरी वेळ हात धूत राहिली.

त्या दुपारी ब्रदर चादरींमागे एकटाच उभा होता. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी त्यानं येऊन विचारलं की ताई, माझं काही चुकलं का. तेव्हा तिनं त्याला औषधांच्या खोलीत नेऊन सुतारकाकांचं सगळं सांगितलं.   ब्रदरनं खिशातलं सिगारेटचं पाकीट काढून तिच्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, मी तसा दर सोमवारी सोडतोच, या वेळी सोमवारची वाट बघत नाही.

वाचायला जितकं सोपं वाटतं तितकं ते नव्हतं. छातीच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना चघळायच्या निकोटीनच्या गोळ्या दिल्या, त्यांची चव ब्रदरच्या मते गंजलेल्या पुदिन्यासारखी होती. त्याला रात्री झोप येईना आणि दिवसा जाग येईना. ताईसिस्टरचा तर स्वभावच बदलला. जी बाई पेशंटच्या नातेवाइकांचे दहा प्रश्न हसत ऐकून घ्यायची, ती अर्ध्या प्रश्नावर खेकसू लागली. एकदा वॉर्डातल्या मावशी फरशी पुसत होत्या आणि हिचा पाय घसरला, तर तिनं त्यांना सगळ्या वॉर्डासमोर वाट्टेल ते सुनावलं. मावशी तिच्यापेक्षा वयानं मोठ्या, कितीतरी वर्षं सोबत काम केलेल्या. त्यांनी मान खाली घालून फरशी पुसून काढली.

संध्याकाळी ताईसिस्टर त्यांच्या कपाटांच्या खोलीत गेली. माफी मागायला शब्द जुळवत होती, तेवढ्यात मावशीच सरकून बसल्या आणि त्यांनी बाकावर तिच्यासाठी जागा केली. माझ्या भावानं दारू सोडली तेव्हा त्यानं भिंतीवर ताट फेकलं होतं, त्या मानानं तुमचं काहीच नाही, असं त्या म्हणाल्या. दोघी हसल्या आणि मग ताईसिस्टर त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवून रडली. किती दिवसांत ती अशी नुसती बसली नव्हती. ते बसणंच तिला नवं वाटलं.

त्यावर ती घरी जाताना विचार करत राहिली. वॉर्डात कुणी कधी बसत नसे. पाणी प्यायचं ते उभ्यानं, डबा खायचा तो चार घासांत. मध्येच जरा बाहेर पडायला कारण लागायचं आणि सिगारेट हे एकच कारण असं होतं की ते न सांगताच मान्य व्हायचं. जे ओढत नव्हते त्यांना तेवढीही मोकळीक नव्हती. तिला धुराची ओढ होती हे खरं, पण त्या चादरींमधल्या पाच मिनिटांचीही होतीच. तिथे कुणी तिला हाक मारत नसे.

वॉर्डाची इनचार्ज तीच होती. दुसऱ्या दिवशी चार्ज घेताना तिनं सगळ्यांना सांगून टाकलं की यापुढे प्रत्येकानं पाळीपाळीनं बाहेर जाऊन यायचं, ओढणाऱ्यानंही आणि न ओढणाऱ्यानंही, आणि तोवर त्याचे पेशंट दुसऱ्यानं बघायचे. कारण विचारायचं नाही. एक-दोघींनी नाक मुरडलं. मावशींना तर पटेचना. पहिल्या पाळीला त्या बाहेर गेल्या आणि रिकामं बसवेना म्हणून चादरींच्या घड्या घालून आल्या. धुलाईघर सांभाळणाऱ्या काकांनी तक्रार केली नाही.

इकडे सुतारकाकांच्या लक्षात आलं. मास्क बदलताना त्यांनी पुन्हा तिचा हात धरून हुंगला आणि कपाळाला आठी घातली.

"वास येत नाही आता."

"नाही येत," ती म्हणाली. तिला उगाच अपराध्यासारखं झालं.

"सुटली?"

"सुटतेय."

ते बराच वेळ श्वास गोळा करत राहिले. मग म्हणाले, "मला नाही जमलं. तुम्ही रोज दाखवत जा हात. मी तपासतो."

तेव्हापासून सकाळच्या राउंडआधी ताईसिस्टर आणि ब्रदर दोघंही त्यांच्या खाटेपाशी जाऊन शाळेतल्या पोरांसारखे हात पुढे करू लागले. काका रंधा मारलेली फळी बघावी तसे गंभीरपणे दोघांचे हात नाकाशी धरत आणि मान हलवून पास करत. मावशीसुद्धा एकदा गंमत म्हणून हात दाखवून आल्या. फिनेलचा वास आला म्हणून काकांनी त्यांना वरचा नंबर दिला.

मग एक दिवस ब्रदर घसरला. आदल्या दिवशी अपघाताचे पेशंट आले होते, तो मदतीला खाली गेला होता आणि तिथे जे पाहिलं ते त्याला सोसलं नाही. सकाळी त्यानं तीनदा साबणानं हात धुतले आणि खाटेपाशी आला. काकांनी त्याचा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवला.

"साबण चांगला आहे," एवढंच ते म्हणाले आणि हात थोपटून सोडला.

ब्रदर लाजेनं काळवंडला. आता माझ्यानं होणार नाही, तुम्ही एकट्याच सोडा, असं तो ताईसिस्टरला म्हणाला. तिनं त्याला उपदेश केला नाही. पहिल्या झटक्यात सोडणारे आपण आयुष्यात फार थोडे पाहिले असं सांगितलं आणि काल खाली काय झालं ते विचारलं. तो सांगत राहिला, ती ऐकत राहिली. त्याची पाळी संपून गेली तरी तिनं त्याला उठवलं नाही. दोघांचे पेशंट मावशी आणि दुसऱ्या सिस्टरनं सांभाळले.

सुतारकाकांना पुढे घरी सोडलं, ऑक्सिजनचं यंत्र सोबत देऊन. जाताना त्यांनी मुलाला स्क्रू-ड्रायव्हर आणायला लावला आणि खुर्चीवर बसूनच त्याच्याकडून वॉर्डाचं दार नीट करून घेतलं. महिना-दीड महिन्यानं मुलगा यंत्र परत द्यायला आला. त्याला काही सांगायची गरज पडली नाही. त्याच्या हातातल्या त्या गुंडाळलेल्या नळीकडे बघूनच ताईसिस्टरला कळलं.

त्या दिवशी तिनं धुलाईघराच्या काकांकडून एक सिगारेट मागून घेतली आणि ओढली. हे इथे लपवण्यात अर्थ नाही. निम्मी झाली तेव्हा ब्रदर तिला शोधत आला. चादरींच्या वरून त्याचं डोकं तिला आधी दिसलं. तिनं सिगारेट विझवायची घाई केली नाही आणि त्यानंही तिच्याकडे तसं बघितलं नाही. तो शेजारी उभा राहिला, स्वतः मागितली मात्र नाही. सुतारकाका आपल्याला नापास करतील आज, ती म्हणाली. तुम्हाला नाही करणार, तुमच्यावर त्यांचा जीव होता, तो म्हणाला. उरलेली सिगारेट तिनं तिथेच बुटाखाली चिरडली आणि दोघं सोबत वर आले.

त्यानंतर तिनं ओढली नाही. ब्रदर आणखी दोनदा घसरला, मग त्याचीही सुटली. एक्स-रेवाला आणि वरच्या मजल्यावरच्या दोन सिस्टर हळूहळू त्यांच्यात सामील झाले. ताईसिस्टरच्या घरी एका संध्याकाळी नवरा सवयीनं खिडकीकडे गेला, कडीला हात लावला आणि तसाच थांबला. मग खिडकी न उघडताच परत येऊन तिच्याजवळ बसला.  तिनं त्याच्या हातातलं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

पुढे बऱ्याच दिवसांनी, वॉर्ड जरा शांत असताना, ब्रदरनं तिला विचारलं की आज आठवण आली का. तिनं आठवून पाहिलं. आज नाही, काल नाही. परवाचंही सांगता येईना. आपल्याला याचा आनंद व्हायला हवा असं तिला वाटलं आणि झालाही, पण त्यात कुठेतरी एक लहानशी हुरहुर मिसळली होती. वाईट असली तरी इतक्या वर्षांची सोबत, आणि ती गेल्याचं आपल्याला कळलंसुद्धा नाही.

तिनं तसं ब्रदरला बोलून दाखवलं. मग वॉर्डभर एक नजर फिरवून म्हणाली, "मावशींना आज अजून कुणी बाहेर सोडलेलं नाही. जा, त्यांच्या हातातलं काम काढून घे."