ब्राइडग्रूममधला खरा नवरदेव

माझ्या पुतणीचं, रेश्माचं, लग्न रेणापुरात दोनदा लागलं आणि पहिल्या खेपेला ती तिथं नव्हती.

आमच्याकडे मुहूर्ताआधी आशीर्वादासाठी मान्यवरांच्या हाती माईक देतात. नवरदेवाचे चुलते मुदखेडचे, इंग्रजीचे मास्तर. (उदगीरला मीही तीस वर्षं तेच शिकवलं!) ते म्हणाले, "इंग्रजीत नवरदेवाला ब्राइडग्रूम म्हणतेत. ग्रूम म्हणजे घोड्याची निगा राखणारा मोतद्दार!" मांडव खदखदला. स्टेजवर बसलेल्या नवरदेवाचं तोंड उतरलं.

आमच्या जावयाला मोतद्दार? मी माईकच हिसकावला.

"साफ चूक! जुन्या इंग्रजीत 'गुमा' म्हणजे पुरुष. ब्राइडगुमा, म्हणजे वधूचा पुरुष! पुढं गुमा लोक विसरले आणि जवळपास तसाच वाजणारा ग्रूम तिथं चिकटवला!"

"दादा, बस करा की!" धाकटा भाऊ, म्हणजे वधूपिता, कळवळला. "मुहूर्त जाऊन राहिला!"

"जाऊ दे! चुकीचा शब्द मी या मांडवात ऱ्हाऊ देणार न्हाई!" मी गरजलो आणि 'कॉट' आपल्या खाटेवरून कसा गेला, 'कोट' मात्र फ्रेंचांकडून कसा आला, तिकडे वळलो.

पुढच्या रांगेतल्या एका भुकेल्या आजोबांनी वैतागून मुठीतल्या अक्षता माझ्यावर भिरकावल्या. ते बघून शेजारच्यांनी फेकल्या. मागच्यांना स्टेज दिसतच नव्हतं, त्यांनीही फेकल्या. अक्षता उडाल्या की बँड वाजवायचा, ही रीत, बँड वाजला! बँड वाजला की पंगतीकडे पळायचं, ही त्याहून जुनी रीत. पाच मिनिटांत सातशे माणसं जेवायला बसली.

तेवढ्यात मामाचा हात धरून रेश्मा मांडवात आली.

"काका, माणसं कुठं हायत?"

"जेवून राहिलेत."

"माझं लग्न लागायच्या आधी? एक अक्षता न्हाई पडायची माझ्यावर?" तिचे डोळे भरले. मला लई वाईट वाटलं. पण माफी मागितली नाही. व्युत्पत्ती बरोबर होती!

भटजींनी अक्षता मागितल्या. एक दाणा शिल्लक नव्हता, खाली पडलेल्या पायदळी गेल्या होत्या आणि आचाऱ्याकडचा तांदूळ केव्हाच शिजला होता.

रेश्मानं डोळे पुसले आणि माझ्याकडे रोखून बघितलं. "काका, फेटा झाडा."

मी मान खाली घालून फेटा झाडला. चांगल्या दोन मुठी अक्षता निघाल्या आणि लग्न लागलं. तीस वर्षांत माझ्या व्याख्यानातून कुणाच्या पदरात काही पडल्याची ही एवढी एकच वेळ!