पऱ्हाटी उपटायचा चिमटा

कापूस वेचून संपला की शेतात नुसती वाळकी पऱ्हाटी उभी राहायची. ती मुळासकट उपटायची, मोळ्या बांधायच्या आणि वर्षभराचं सरपण घरी आणायचं, हे आम्हा बायांचं काम. मारेगावकडची काळी जमीन तोवर दगडासारखी झालेली असायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तळहाताचे फोड फुटायचे. एकदा हात इतके झोंबत होते की मी नवऱ्याला पीठ मळायला लावलं. सासू त्यावरून महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही.

मी चौथी शिकलेली. पण वस्तू हातात आली की ती अशीच का, हा किडा लहानपणापासून डोक्यात. सासू सुपारी कातरायची तेव्हा मी बघत बसायची. सुपारी अडकित्त्याच्या टोकाशी धरली तर फुटत नाही, खिळ्याजवळ धरली की चटकन फुटते. मग पऱ्हाटीसाठी असंच काही का नाही? पुढे निमुळत्या फटीचा लोखंडी जबडा, त्याच्या मागे जमिनीवर टेकायला टाच, आणि लांब लाकडी दांडा. दांडा खाली दाबला की जबडा झाड धरून वर उचलणार. मी कोळशानं गोठ्याच्या भिंतीवर चित्र काढलं.

ते दाखवलं फक्त माझ्या थोरल्या भावाला. तो ग्रामसेवक होता. बापाचा विरोध असताना मला शाळेत त्यानंच घातलं होतं.

"मले हसू नको," मी आधीच सांगितलं.

तो हसला नाही. दुसऱ्याच आठवड्यात मला एका मिस्त्रीकडे घेऊन गेला. हा मुसलमान मिस्त्री सायकली, स्टोव्ह, बैलबंडीचे आस असं सगळं दुरुस्त करायचा. त्यानं मोडक्या ट्रकच्या पाट्यातून जबडा बनवून दिला.

पहिला चिमटा झाडाची नुसती साल सोलायचा. मिस्त्रीनं जबड्याला दाते पाडले. दुसऱ्या चिमट्यानं झाड धरलं, पण त्याची टाच जमिनीच्या भेगेत रुतली आणि मी तोंडावर पडले. मिस्त्री म्हणाला, "बहन, झाड निकला नहीं, तुम निकल गई!" आम्ही तिघंही पोट धरून हसलो. मी म्हटलं, टाच पंजाएवढी रुंद करा, म्हणजे भेगेवर आडवी बसेल. तिसऱ्या खेपेला दांडा दाबला आणि मातीचं ढेकूळ घेऊन मूळ वर आलं. मी अख्खी ओळ उपटली. थांबावंसंच वाटेना.

भाऊ म्हणाला, "यवतमाळले शेतीचं प्रदर्शन हाय. मी नेतो, सायबाले दाखवतो."

"माह्यं नाव सांगशील ना?"

"तुह्यं नाही तं कोनाचं सांगीन?"

नवीन मराठी राज्य होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी लग्नातलं लुगडं नेसून नवऱ्यासोबत मोटारीनं यवतमाळला गेले. मंडपात गर्दी होती. बायांच्या घोळक्यातून मी टाचा उंचावून पाहिलं. भावाच्या गळ्यात हार होता. चिमट्याचा दांडा हिरव्या रंगानं रंगवला होता. भाऊ मोठ्यानं सांगत होता, "माझ्या बहिणीच्या हातावरचे फोड पाहिले आणि मला ही युक्ती सुचली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारची बाई पदर डोळ्याला लावून म्हणाली, "कसा भाऊ हाय वो! असा भाऊ भेटाले नशीब लागते."

मंडपामागं मी त्याला गाठलं. "काहून असं केलं, दादा?"

"अवं, बाईनं काढलं म्हनलं असतं तं कोनी हाती तरी धरलं असतं का? अन् तुह्यं नाव तं घेतलं ना मी!"

"तू माह्या फोडाईचं नाव घेतलं."

त्यानं आजूबाजूला पाहिलं. "हळू बोल," म्हणाला. कोणी ऐकलं तर त्याची लाज जाईल, एवढीच त्याला काळजी होती. माझ्या रडण्याकडे त्यानं पाहिलंही नाही.

परतताना नवरा म्हणाला, "सख्खा भाऊ हाय. सोडून दे."

भावाला जिल्ह्याच्या कचेरीत बढती मिळाली. एका कारखान्यानं तसे चिमटे काढले आणि कचेरीनं ते गावोगाव वाटले. पण दिसायला सुबक व्हावा म्हणून त्यांची टाच बारीक केली होती. ती भेगांत रुतायची. बायांनी दोन दिवसांत चिमटे कोपऱ्यात टाकले आणि पुन्हा हातानं उपटायला लागल्या.

तेव्हा भाऊ माझ्या दारी आला. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर त्यानं विचारलं, "आपली टाच रुंद कायले होती गं?"

मी तोंडावर पडले तेव्हा हाच शेजारी उभा राहून हसत होता. मी त्याला चहा दिला, पोहे दिले. उत्तर दिलं नाही. तो ताटकळून गेला. मला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू? पण माझ्या त्या गप्प बसण्यापायी गावोगावच्या बायांचे हात आणखी एक हंगाम सोलवटले. त्याचा हिशेब भावाकडे मागता येत नाही.

पुढच्या साली मी एकटीच मिस्त्रीकडे गेले. सगळं ऐकून तो भाता ओढायचा थांबला. "मुझे तो लगा तुमको मालूम है. वो बोला, मेरे नाम से दिखाना बहन की ही मर्जी है." त्यानं मान खाली घातली. मग आमच्या आसपासच्या ज्या ज्या बाया आल्या, त्यांना त्यानं रुंद टाचेचे चिमटे करून दिले.

भावाशी मी भांडण केलं नाही. दर भाऊबीजेला ओवाळलं. त्याच्या बैठकीत प्रदर्शनात मिळालेलं प्रमाणपत्र काच लावून टांगलेलं होतं, त्याच्याखाली बसून जेवले. पुढं मी घरात, शेतात आणखी बऱ्याच युक्त्या केल्या. तो आला की विचारायचा, "काही नवीन काढलं का गं?"

मी म्हणायची, "नाही दादा. आता काही सुचत नाही."