गोपनीय कक्ष, जेवणाच्या मंडपाशेजारी

आमच्या शिक्षक संघटनेत दोन गट आहेत आणि दोन्ही गटांना मी सारखीच नकोशी आहे. एका गटाच्या पुढाऱ्याला मी भर सभेत "खाली बसा" म्हटलं होतं, दुसऱ्याला "आता तरी उठा" म्हटलं होतं. मी निवृत्त झाल्यावर माझं तोंडही निवृत्त होईल, अशी दोघांना आशा होती. पण मोताळ्यात उन्हाळ्याच्या सुटीत तीन दिवसांचं अधिवेशन भरवायचं ठरलं, त्यात एक "गोपनीय सहाय्य कक्ष" असावा असं निघालं, आणि तिथं बसायला अजिबात कुणाच्याच बाजूची नसलेली व्यक्ती हवी म्हटल्यावर दोन्ही गटांनी एका सुरात माझं नाव घेतलं. संघटनेत एकमत झालेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

कक्षाची कल्पना पुण्याहून आली होती. मोठ्या अधिवेशनांत म्हणे अशी सोय असते. कुणाला कुणाचा त्रास झाला, अपमान झाला, काही खुपलं, तर जाऊन बोलायला एक माणूस असतो. तो ऐकलेलं बाहेर सांगत नाही, कुणाची बाजू घेत नाही, निकाल देत नाही. पुढे कोणकोणत्या वाटा आहेत एवढं दाखवतो, आणि चालायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवायचं. हे शिकवायला पुण्याच्या एक बाई आल्या होत्या. फार गोड बोलायच्या. "तुम्ही फक्त समोरच्याला अवकाश द्यायचा," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "देते, पण मे महिना आहे, सोबत कूलरही द्या."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो खुर्चीतच वाकून हसायला लागला. "तुह्या पोटात काई राह्यते का? शेजारणीचं मंगळसूत्र गहाण पडलं तं तिच्या नवऱ्याच्या आधी मोताळ्याले माहीत होतं!" हे खोटं आहे. तिच्या नवऱ्याला आधी माहीत होतं, मी फक्त मोताळ्याला सांगितलं होतं.

अधिवेशन जिनिंग कारखान्याच्या आवारात होतं. कापसाचा हंगाम संपलेला, त्यामुळे जागा मोकळी. मी पोहोचले तर माझा कक्ष जेवणाच्या मंडपाला चिकटून उभा केलेला. कापडाच्या तीन भिंती आणि समोर पारदर्शक म्हणावा इतका पातळ पडदा. वर फलक, फलकावर कार्याध्यक्षांचा हात जोडलेला फोटो, आणि फोटोच्या खांद्यापाशी उरलेल्या जागेत "गोपनीय" ही अक्षरं.

"इथं काऊन लावला?" मी मंडपवाल्याला विचारलं.

"मॅडम, येणाऱ्या-जाणाऱ्याले दिसला पाह्यजे ना! कोपऱ्यात लावला तं कोण येईन तक्रार कराले?"

मग उद्घाटन झालं. गोपनीय कक्षाची फीत कापली, नारळ फोडला, टाळ्या झाल्या. कार्याध्यक्ष भाषणाला उभे राहिले. हे गृहस्थ एका शिक्षण संस्थेचे संचालकही आहेत, म्हणजे अध्यक्षांपेक्षा यांचंच वजन जास्त. "माझं घर म्हणजे तुमचं घर, माझी गाडी म्हणजे तुमची गाडी!" असं ते घसा ताणून म्हणाले. आमच्याकडे पुढारी असं म्हणतातच. त्याचा अर्थ कुणी लावत नाही, टाळी वाजवतात आणि पंगतीला बसतात.

खरी करामत केली ती निवेदकानं. हे निवृत्त हिंदी शिक्षक. लग्न असो की तेरवी, माईक यांच्याच हातात. त्यांनी खणखणीत आवाजात पुकारलं, "ज्यांना आपली तक्रार अत्यंत गुप्तपणे मांडायची असेल, त्यांनी जेवणाच्या मंडपाशेजारी रांगेत उभं राहावं! पहिल्या तक्रारदाराचा शाल आणि नारळ देऊन सत्कार करण्यात येईल!"

मी कपाळावर हात मारला.

सत्काराचं ऐकून सोनाळ्याचे एक वयस्क गुरुजी तडक आले. तक्रार काय, तर वांग्याची भाजी खारट. मी गंभीरपणे ऐकून घेतलं. शिकवलंच होतं तसं. गुरुजी पडद्याबाहेर पडले न पडले तोच भोंगा वाजला, "सोनाळ्याचे आदरणीय गुरुजी आत्ताच गोपनीय तक्रार करून बाहेर आलेले आहेत! जोरदार टाळ्या!" त्या उकाड्यात गुरुजींच्या अंगावर शाल पडली आणि तेही ती सांभाळत दिवसभर मिरवले.

मी मंचामागे जाऊन निवेदकाला धरलं. "तुमाले गोपनीयचा अर्थ समजते का?"

"मॅडम, काऊन तापून राह्यल्या? प्रचार कराले नोको?"

त्यानंतर माझ्याकडे रांग लागली. भाजी खारट. निवासातला शेजारी घोरतो. मोबाईल चार्ज करायला जागा नाही. भाजी अजूनही खारट. एका मुख्याध्यापकांना दुसऱ्या मुख्याध्यापकांच्या बाजूला बसवलं होतं, ते नको होतं. मी एका गटाचं ऐकलं की दुसऱ्या गटाचा माणूस पडद्याआडून डोकावून, "तो काय सांगून गेला?" असं विचारायचा. "भाजी," मी म्हणायची. खरंच भाजी असायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पंगती उठता उठता, एक तरुण शिक्षिका आत आली. स्वागत समितीचा बिल्ला लावलेली, हातात जेवणाचं ताट, ताटात भाजी. मी म्हटलं, "खारट ना?"

ती म्हणाली, "भाजी मी खाल्लीच नाई मॅडम. ताट याच्यासाठी आणलं, का बाहेरच्याईले वाटावं, मीबी भाजीसाठीच आली."

मी कूलर पूर्ण जोरात केला. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून काही करता येण्यासारखं तेवढंच होतं.

तिनं सगळं खाली बघत सांगितलं. ती शिक्षणसेवक होती, म्हणजे अजून कायम व्हायची होती. शाळा कार्याध्यक्षांच्याच संस्थेची. अधिवेशनाच्या तयारीपासून हा माणूस तिला काही ना काही निमित्तानं जवळ बोलवत होता. आधी कौतुक, मग खांद्यावर हात, मग फोनवर ते निरोप, जे शिक्षकाला सोडा, माणसालाच शोभत नाहीत. आता उद्या सकाळी त्याच्या गाडीतून पाहुण्यांना रोहिणखेडची जुनी मशीद दाखवायला न्यायचं होतं आणि सोबत माहिती सांगायला हिनं चलायचं होतं. पाहुणे मात्र आज सकाळीच परत गेले होते, हे तिला स्वागत समितीत असल्यामुळे माहीत होतं. गाडीत दोघंच असणार होते.

माझा हात आपोआप चपलेकडे गेला. चप्पल घेऊन मंचावर जावं, माईक हिसकावावा आणि मोताळाच काय, मलकापूरपर्यंत ऐकू जाईल असं बोलावं, असं मला वाटलं. माझा सगळा जन्म अशाच बोलण्यात गेलेला.

ती म्हणाली, "मॅडम, तुमी काईच करू नोका. तुमी बोलसान तं माही नोकरी जाईन. अन् नोकरी राह्यली तरी गावात लोकं मलेच नावं ठेवतीन. तुमी कोणाले सांगत नाई म्हणून मी आली."

आयुष्यात मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी चपलेवरचा हात काढला. पुण्याच्या बाईंनी शिकवलेलं एक वाक्य आठवलं आणि तेच विचारलं, "तुला काय हवंय?"

"उद्या त्या गाडीत मी एकटी नोको. अन् माहं नाव कुठंच नोको. बाकीचं मी मंग पाहीन, कायम झाल्यावर."

तक्रार कुठे करता येते, समिती कशी असते, फोनवरचे निरोप का पुसायचे नाहीत, हे मी तिला सांगितलं. आजारी पडायचं सुचवलं. ती म्हणाली, तो घरी विचारपूस करायला येईल. वडिलांना बोलवायचं म्हटलं, तर वडिलांना कळायलाच नको होतं. तेवढ्यात डोक्यावरचा भोंगा ओरडला, "रोहिणखेड दर्शनासाठी उद्या सकाळी कार्याध्यक्ष महोदय स्वतः जात आहेत!"

ती वर भोंग्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, काल ते म्हणले होते ना, माही गाडी म्हणजे तुमची गाडी?"

मला पोरीच्या कपाळाचा मुका घ्यावासा वाटला. निःपक्ष असल्यामुळे घेतला नाही.

हे असं करणं म्हणजे बाजू घेणं होतं का, याचा मी मंचापर्यंत जाता जाता विचार केला. गाडीत माणसं जास्त बसवणं हा पक्षपात असेल, तर आमच्या जिल्ह्यातला प्रत्येक काळीपिवळी जीपवाला पक्षपाती ठरेल. मी निवेदकाला एवढंच म्हटलं, "सर, कार्याध्यक्षांच्या गाडीत जागा आहे. ते बोललेच आहेत, गाडी सगळ्यांची. लोकांना सांगा की, आणि एसी आहे हेही सांगा."

निवेदकानं जीव ओतून सांगितलं. उरलेला दिवसभर, प्रत्येक भाषणाच्या आधी आणि नंतर.

सकाळी मी मुद्दाम चहा घेऊन फाटकापाशी उभी राहिले. कार्याध्यक्ष अत्तर मारून आले तेव्हा गाडीभोवती जत्रा भरली होती. पुढच्या सीटवर सोनाळ्याचे गुरुजी शाल पांघरून बसलेले, एसीसाठी तयार. मागे त्यांची मंडळी, तिच्या मांडीवर जेवणाचा डबा, बाजूला दोन निवृत्त मुख्याध्यापिका, आणि डिकीत व्याकरणाचे एक शिक्षक उकिडवे. "साहेब, तुमचं मन किती मोठं हाय!" गुरुजी आतून म्हणाले. एवढ्या लोकांसमोर मोठ्या मनाच्या माणसाला हसावंच लागतं. ते हसले.

शिक्षिका बिल्ला लावून समोर उभी होती. "सर, जागाच नाई राह्यली," ती म्हणाली. "मी इथलंच काम पाहीन."

समारोपाला मला मंचावर बोलावलं. शाल द्यायला कार्याध्यक्षच. निवेदकानं माईक माझ्या तोंडासमोर धरला. "मॅडम, सांगा सभागृहाला, गोपनीय कक्षात कोणकोणत्या तक्रारी आल्या?" आमच्याकडे गुपिताचाही अहवाल वाचून दाखवायचा असतो.

शाल पांघरवणारे हात माझ्या खांद्यावर होते. मला शिसारी आली. ती पोरगी स्वागत समितीच्या रांगेत बसली होती आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ओठापर्यंत आलेलं सगळं मी गिळलं. फार कडू होतं ते.

"भाजी खारट होती," मी म्हटलं. "बाकी काही नाही."

अख्खा मंडप हसला. सगळ्यात मोठ्यानं कार्याध्यक्ष हसले. त्या दिवसापासून दोन्ही गट मला भाजीवाल्या मॅडम म्हणायला लागले. आठवडी बाजारात एकानं वांगी निवडताना मला मिठाचा भाव विचारला. नवऱ्यानं घरी विचारलं, "सांग ना आता, खरंच काई आलं नाई?" मी भाजी म्हटलं. तो नाराज झाला. त्याला वाटलं, माझी तब्येत बरी नाही.

ती कायम झाली. त्यानंतर तिनं तक्रार केली. स्वतः, स्वतःच्या नावानं, फोनवरचे सगळे निरोप जोडून. चौकशी समिती बसली तेव्हा कार्याध्यक्षांनी सांगितलं की असं काही असतं तर अधिवेशनात गोपनीय कक्ष होता, तिथं तिनं सांगितलं असतं. "मॅडमनी हजार लोकांसमोर सांगितलंय, फक्त भाजीची तक्रार होती," असंही ते म्हणाले.

हे कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच ओरडले. माझंच वाक्य उचलून त्यानं पोरीच्या डोक्यात हाणलं होतं.

समितीनं मला बुलढाण्याला बोलावलं. आदल्या दिवशी तिचा फोन आला. "मॅडम, मी सांगेपर्यंत तुमी काई बोलू नोका." म्हणून समितीच्या अध्यक्षबाईंनी मला विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "माझ्याकडे कोण आलं आणि काय बोललं, हे त्या व्यक्तीनं मोकळीक दिल्याशिवाय मी सांगणार नाही."

"मॅडम, इथं तरी बोला!" एक सदस्य वैतागले. मला कुणी बोला म्हणून विनवतंय, ही वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती. समोर कार्याध्यक्ष रुमालानं मान पुसत निवांत बसले होते. बाहेर व्हरांड्यात दोन्ही गटांची माणसं घोटाळत होती, निवेदक धरून.

मी तिच्याकडे पाहिलं. ती उठून उभी राहिली. "सांगा मॅडम," ती म्हणाली. "सारं सांगा. ताट घेऊन आली होती, तेबी सांगा."

मी घसा साफ केला. माझा आवाज जिल्ह्याला माहीत असल्यामुळे शिपाई लगबगीनं खिडकी लावायला गेला.

"राहू द्या," ती म्हणाली. "खिडकी उघडीच राहू द्या."