सोयीचा विषाणू

"घरात कोणी सिगरेट ओढतं का?" डॉक्टरांनी विचारलं. मी तोंड उघडण्याआधी ह्यांनीच उत्तर दिलं, "ही कधीच नाही."

टेबलावर माझ्या बायॉप्सीचा रिपोर्ट होता. बायॉप्सी म्हणजे फुफ्फुसातला बारीकसा तुकडा काढून केलेली तपासणी. निदान होतं अ‍ॅडिनोकार्सिनोमा, फुफ्फुसातल्या ओलावा राखणाऱ्या पेशींपासून सुरू होणारा कर्करोग. सिगरेट न ओढणाऱ्या बायकांनाही तो होतो, असं डॉक्टर म्हणाले. मला नुसता खोकला होता आणि पाठ दुखायची. कोलकात्याची हवा बाधली म्हणून मी काढे पीत बसले होते.

प्रश्न घराबद्दल होता, उत्तर माझ्याबद्दल. माझे यजमान रेल्वेत मोठे अधिकारी आहेत, नको त्या प्रश्नाला बगल कशी द्यायची ते त्यांना पक्कं ठाऊक. लग्न झाल्यापासून हा माणूस जेवण झालं की आमच्याच खोलीत सिगरेट ओढत आला. गार्डन रीचच्या क्वार्टरमधल्या पडद्यांना वास येतो तो काही माझ्या काढ्यांचा नाही. मी डॉक्टरांना तसं सांगून टाकलं. ह्यांनी लगेच मोबाइल काढला. "डॉक्टर, वायरस से भी होता है ना? एचपीव्ही?"

डॉक्टर दमलेले दिसत होते. "देखिए, कुछ ट्यूमर में वायरस मिला है. पर कॅन्सर उसी से हुआ, ऐसा प्रूव्ह नहीं है. मॅडम के केस में तो हमने ढूँढा भी नहीं." मग ह्यांच्या खिशातल्या पाकिटाकडे बोट करून म्हणाले, "इसे बंद कीजिए."

ह्यांनी घरी नेलं ते फक्त पहिलं वाक्य.

मग पेट स्कॅन, रक्त, गाठीतल्या जनुकांची तपासणी. थंडगार वेटिंग रूममध्ये मी मास्क लावून बसलेली आणि शेजारी ह्यांचा फोन सुरू. "छे हो, धूम्रपान वगैरे काही नाही. व्हायरस. डॉक्टरच म्हणाले." मला संताप यायचा, पण बोलायला जावं तर आधी खोकला यायचा.

नशिबाने जनुकांच्या तपासणीत गोळी लागू पडेल असा बदल सापडला. टार्गेटेड थेरपी म्हणतात तिला, नेमक्या त्या बिघाडावर काम करणारं औषध. केस राहिले. पण चेहऱ्यावर पुरळ उठलं आणि नखांच्या कडा चिरल्या.

बदली होऊन इथे आल्यापासून मराठी मंडळाच्या गणपतीचे मोदक मीच करते. इथे आंबेमोहोर मिळत नाही, म्हणून गोविंदभोग तांदळाची पिठी. तिची उकड मंडळात माझ्याइतकी कोणालाही जमत नाही, हे मी खुशाल मिरवते. यंदा त्या दिवसाच्या आशेवरच मी मळमळ सोसत होते. त्या बायकांत बसून मोदक वळले की मी पुन्हा माणसांत आले, असं मला वाटणार होतं.

गणपतीच्या तोंडावर मंडळाच्या देशपांडेबाईंचा फोन आला. "वहिनी, यंदा तुम्ही आराम करा. प्रसाद सगळे खातात, लहान मुलं असतात. साहेबच म्हणाले ना, व्हायरस आहे म्हणून."

"अहो, हा आजार पसरत नाही. आणि व्हायरसचं तर काही खरंच नाही."

"हो, पण चेहऱ्यावरही उठलंय ना. राग नका मानू हं."

मी स्पीकर लावून फोन ह्यांच्यापुढे धरला. "सांगा त्यांना खरं काय ते."

'व्हायरसचं मीच पसरवलं,' एवढंच ह्यांनी म्हणायचं होतं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "नमस्कार, देशपांडेबाई. तुमचं बरोबर आहे. काळजी घेतलेली बरी."

त्या दिवशी मला कर्करोगापेक्षा हा माणूस जास्त लागला.

चतुर्थीला मी घरीच मोदक केले. गरम उकड चिरलेल्या बोटांना झोंबत होती, पण कळ्या एकसारख्या पडल्या. पान वाढलं. ह्यांनी मोदक उचलला, माझ्या बोटांकडे पाहिलं आणि विचारलं, "हातमोजे घालून केलेस ना?"

मी ते पान माझ्यापुढे ओढलं आणि तूप घालून सगळे मोदक खाल्ले.

गाठ आता बरीच आक्रसली आहे. डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्यापैकी कोणावर ही वेळ आली, तर डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरं स्वतः द्या, आणि तुमचा आजार लोकांना सांगायचं काम दुसऱ्या कोणावर सोपवू नका.

हल्ली हे बाल्कनीत ओढायला गेले की मी आतून कडी घालते. कपड्यांचा वास जाईपर्यंत उघडत नाही, मग बाहेर ऊन असो की पाऊस. दार वाजवून ओरडतात, "अगं, काय चाललंय?"

मी आतून सांगते, "व्हायरस आहे. काळजी घेतलेली बरी."