करड्या जर्सीचा ठराव

माझ्या बाबांना फुटबॉलचं वेड होतं असं लोक म्हणतात, ते मला कधीच पटलेलं नाही. फुटबॉलचं वेड आईला होतं. बाबांना वेड होतं जर्सीचं. सामना सुरू झाला की आई बॉलकडे बघायची आणि बाबा शिवणीकडे. कोणाची जर्सी चड्डीबाहेर लोंबतेय, कोणाचा मोजा घसरलाय, छातीवरचा पट्टा सरळ बसलाय की काखेपाशी वर चढलाय, हे त्यांना अर्ध्या मैदानावरून दिसायचं. गोल झालेला मात्र आईच्या ओरडण्यावरून कळायचा.

बस डेपोत ते सीटांवर रेक्झिन चढवायचे. उभं आयुष्य त्यातच गेलं. दाभण, जाड दोरा, बारीक खिळे आणि गुडघ्याखाली फोमचा एक तुकडा. कापड बोटांत धरून चोळल्याशिवाय त्यांचं मत बनत नसे, आणि एकदा बनलं की ते बदलायला ब्रह्मदेव आला तरी उपयोग नव्हता. घरी कोणीही आलं की चहा हातात पडायच्या आत विषय जर्सीवर यायचा. माझ्या सासरची माणसं पहिल्यांदा भेटायला आली तेव्हा ते त्यांच्याशी बोलले ते खेळाडूंच्या कॉलरवर. कॉलर असली की माणूस मान ताठ ठेवतो, गोल गळ्याची जर्सी म्हणजे झोपायचे कपडे, असं त्यांचं म्हणणं. माझे सासरे बिचारे मान हलवत राहिले. मी आत स्वयंपाकघरात दातओठ खात उभी होते.

आमच्या क्लबची मूळ जर्सी करडी होती. छातीवर एक गडद निळा पट्टा आणि पांढरी कॉलर. क्लब सुरू केला तो वर्कशॉपमधल्या कामगारांनी, आणि पहिल्या संघाच्या जर्स्या त्यांनी कामावरच्या डगल्यांच्या कापडातून शिवून घेतल्या. तेलाचा डाग पडला तरी दिसू नये म्हणून ते कापड करडं. मी शाळेत होते तेव्हा एका रंगाच्या कंपनीने क्लबला हात दिला आणि करडी जर्सी गेली. तिच्या जागी आली भडक नारिंगी, तिच्यावर तिरक्या पिवळ्या रेघा आणि पोटावर कंपनीचा ताटाएवढा शिक्का. बाबांच्या अंगाचा तिळपापड झाला. "रस्ता खणणारे घालतात असलं काहीतरी," ते म्हणायचे. "आपण काय गाड्या थांबवायला उभे आहोत? जर्सी घालणाऱ्यासाठी असते, बघणाऱ्यासाठी नसते." मी एकदा हौसेने नारिंगी टोपी आणली, तर ती त्यांनी न बोलता दाराबाहेरच्या खिळ्याला टांगली. घरात काही ती आली नाही.

डेपोत सगळे त्यांना करडेसाहेब म्हणायला लागले, ते तेव्हापासून. चिडवायला म्हणून सुरू झालेलं नाव, पण बाबांनी ते मानाने लावून घेतलं. दर वर्षी क्लबच्या सभेत ते जुन्या जर्सीचा विषय काढायचे आणि दर वर्षी लोक हसून चहाला उठायचे. त्यांच्या बाजूने एकच माणूस होता, मैदानाच्या फाटकावर तिकिटं फाडणारे काका. दोघं लहानपणापासूनचे मित्र. बायकांना सांगितलं नसेल ते एकमेकांना सांगणारे.

मग रंगाच्या कंपनीचा करार संपत आला आणि लोकांनाही नारिंगीचा कंटाळा आला. बाबा आणि फाटकवाले काका घरोघर फिरून सह्या गोळा करायला लागले. संध्याकाळी कामावरून आले की हात धुवायचे आणि निघायचे. सह्या पुरेशा झाल्या, करडी जर्सी परत आणायचा ठराव रीतसर दाखल झाला. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला ते आता हातातोंडाशी आलं होतं. बाबा घरात शीळ वाजवत फिरत होते. मी त्यांना तोवर कधी शीळ वाजवताना ऐकलं नव्हतं.

त्याच सुमाराला एका सामन्यात आईने विचारलं, "त्यांचा कोणी आहे का तिथे?"

मी चमकून तिच्याकडे पाहिलं. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात उभी राहून ती शेकडो माणसांचं जेवण करायची, पण मैदानावर रेफरीच्या आधी तिला ऑफसाइड कळायचा. आजूबाजूचे पुरुष तिला विचारून वाद मिटवायचे. त्याआधी तिने कोणाला काही विचारलेलं मला आठवत नाही. त्या दिवशी सामना बाहेरगावच्या एका संघाशी होता आणि त्यांनी हिरवट रंगाचे कपडे घातले होते. "मला गवतच पळताना दिसतंय," ती हसत म्हणाली. तिचं ते हसणं मला आवडलं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं. पडद्याचा आजार आहे, थांबणार नाही. नजरेचा मधला भाग धूसर होत जाईल. फिके रंग आधी जातील, भडक रंग आणखी काही काळ साथ देतील. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर आम्हा दोघांना दम भरला. "माझ्या डोळ्यांची गावभर दवंडी पिटायची नाही. गॅलरीत लोक मला हाताला धरून बसवायला लागले, तर मी मैदानात पाऊल टाकायची नाही." आम्ही दोघांनी शब्द दिला. तिच्यापुढे दुसरं काही चालत नसे.

पुढच्या सामन्याला मात्र तिची कळी खुलली. आमचे खेळाडू मैदानावर आले आणि तिने माझा दंड धरला. "अगं, आपले सगळे दिसतात मला! निखारे पळताहेत नुसते." बाबा तिच्या पलीकडे बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग मैदानाकडे, आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या दिवशी त्यांनी एकाही शिवणीला नाव ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन क्लबच्या सेक्रेटरीकडे गेले. ठराव मागे घ्यायचा आहे म्हणाले. सेक्रेटरी आधी हसला. "करडेसाहेब, सकाळी सकाळी मस्करी करताय?" मग बाबांचा चेहरा बघून तो गंभीर झाला. सह्या झाल्या की ठराव सह्या करणाऱ्यांचा होतो, एकट्याला मागे घेता येत नाही, आणि ज्याने दाखल केला त्यालाच तो मांडावा लागतो, असा क्लबचा जुना नियम होता. "पण झालं काय एकदम?" त्याने विचारलं. बाबांनी पेपरवेट उचलून परत ठेवला आणि आम्ही उठलो.

रस्त्यात माझा तोल गेला. "सांगून टाका ना खरं! लोक काय खातात का? समजून घेतील."

"तिने नको म्हटलंय."

"मग भाषण तरी वाईट करा. अडखळा, खोका, काहीही करा. ठराव आपोआप पडेल."

एखाद्या सीटची शिलाई अर्धवट टाकून गाडी रस्त्यावर सोडा असं सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लोकांनी माझ्या शब्दावर सह्या केल्यात," ते म्हणाले. मी हात टेकले.

सभा मैदानामागच्या हॉलमध्ये होती. आमच्या क्लबात मतदानाला चिठ्ठ्या नसतात. ठरावाच्या बाजूचे उठून खिडक्यांच्या भिंतीला जाऊन उभे राहतात आणि विरोधातले दाराच्या भिंतीला. आपण कुठल्या भिंतीला गेलो ते सगळ्यांना दिसतं, आणि वर्षभर लक्षातही राहतं. मी आणि आई मागच्या रांगेत बसलो होतो. फाटकवाले काका नवा शर्ट घालून पहिल्या रांगेत.

बाबा बोलायला उभे राहिले. मला वाटलं होतं ते कसंबसं वाचून मोकळे होतील. पण त्यांनी सांगितलं, वर्कशॉपमधली माणसं कामाचा भोंगा झाल्यावर तेच डगले घालून कशी खेळायची. सांगितलं, की पहिल्या संघाच्या जर्स्या त्या माणसांच्या घरच्या बायकांनी शिवल्या, पट्ट्यासाठी निळं कापड पुरेना तेव्हा तो फक्त पुढूनच लावला, आणि म्हणून आपल्या जर्सीची पाठ कोरी आहे. ती कोरी पाठ म्हणजे गरिबी नव्हे, ती आपली खूण आहे, असं ते म्हणाले. कोणी खोकलंसुद्धा नाही. मी त्यांच्यावर रागावले होते, तरी मीही पुढे सरकून ऐकत होते. इतकं चांगलं ते आयुष्यात कधी बोलले नव्हते.

मग खुर्च्या सरकल्या आणि लोक उठले. सगळा लोंढा खिडक्यांकडे. दाराशी राहिली नारिंगीची आवड असलेली चारदोन पोरं आणि रंगाच्या कंपनीचा इथला दुकानदार. बाबांनी हातातल्या कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि ते सावकाश चालत दाराच्या भिंतीला जाऊन उभे राहिले.

"अरे, इकडे! आपली बाजू इकडे!" फाटकवाले काका ओरडले. त्यांना वाटलं, म्हातारा गडबडीत चुकला. काही जण हसले.

"मला माहीत आहे," बाबा म्हणाले.

आईने मला हळूच विचारलं, "कुठे उभे आहेत हे?" मी सांगितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

ठराव दणक्यात मंजूर झाला. लोकांना पटवलं बाबांनीच, आणि हरलेही तेच.

घरी आल्यावर आई त्यांच्यासमोर बसली. "मत माझ्यासाठी दिलंत, मग भाषण कशाला इतकं रंगवलंत?"

"जे खरं वाटतं ते बोललो."

"आणि मत?"

"तेही खरंच होतं."

आईला हसू फुटलं. हसता हसता ती रडली. "अहो, तुम्हाला साधं खोटंही वागता येत नाही," ती म्हणाली.

बाहेर मात्र दुसऱ्याच दिवशी बोभाटा झाला. दुकानदाराच्या शेजारी उभे राहिले होते ना? मग विकले गेले, दुसरं काय. फाटकवाल्या काकांनी बोलणं टाकलं. घरोघर आपल्यासोबत पाय झिजवलेल्या माणसाने सगळ्यांदेखत असं करावं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. बाबांनी एका शब्दानेही खुलासा केला नाही. अजूनही कोणी जुनं माणूस भेटलं की तो विषय निघतो. आता आई नाही, बाबाही नाहीत. म्हणून मी हे लिहिते आहे. माझे वडील विकले गेले नव्हते.

नव्या मोसमाचा पहिला सामना होता. फाटकाजवळ एका टेबलावर उरलेल्या नारिंगी जर्स्यांचा ढीग होता, स्वस्तात काढून टाकायला. बाबा तिथे थांबले. एक उचलून त्यांनी उलटी केली, शिवण पाहिली, कापड बोटांत चोळलं. "शिलाईत दम नाही," असं म्हणून त्यांनी नाक मुरडलं आणि तीच विकत घेऊन पिशवीत कोंबली.

खेळाडू मैदानावर आले. करडे, निळ्या पट्ट्याचे, पांढऱ्या कॉलरचे. गॅलरी नुसती उसळली. बहुतेकांनी तीच जर्सी घातली होती, सगळी गॅलरी करडी झाली होती. बाबा ज्या दृश्याची इतकी वर्षं वाट बघत होते ते समोर होतं, आणि ते आईच्या तोंडाकडे बघत होते.

"मला समोरचे लाल दिसतात," आई म्हणाली. "ते ज्याच्यामागे धावतात तो आपला असणार." आणि खरंच, तेवढ्यावरून ती खेळ लावत राहिली. कुठे कुठे बरोबर यायचं, कुठे चुकायचं. चुकलं की ती गप्प व्हायची. तिला गप्प बसलेली बघणं फार जड गेलं मला.

मध्यंतरात ती उठली. "मी एकटी जाऊन येते," असं म्हणून निघालीही. कठड्याला धरून ती पायऱ्या उतरली आणि दिसेनाशी झाली. बाबांनी लगेच पिशवीतून ती नारिंगी जर्सी काढली आणि अंगातल्या शर्टावरच चढवली. पोटावर तो कंपनीचा शिक्का.

आधी कुठूनतरी शिट्टी आली. मग मागून आवाज आला, "विकलेला!" कोणीतरी चुरगाळलेला कागदी कप फेकला, तो बाबांच्या खांद्याला लागून पडला. फाटकवाले काका गर्दीतून वाट काढत लालबुंद होऊन आले. इतक्या दिवसांनी ते बाबांशी पहिल्यांदा बोलत होते. "काढ ते! आज तरी लाज बाळग!" बाबा बाकावर चढून उभे राहिले आणि पायऱ्यांकडे बघत राहिले.

आई वर आली. कठडा संपतो तिथे ती थांबली. समोर सगळी करडी माणसं. तिने मान आधी एका बाजूला फिरवली, मग दुसऱ्या बाजूला, आणि चालायला लागली. सरळ आमच्याकडे. कोणाच्या गुडघ्याला हात लावत, कोणाला "जरा सरका" म्हणत, एकदाही न चुकता. फाटकवाले काका वाटेत उभे होते. त्यांनी तिच्या चाचपडणाऱ्या हाताकडे पाहिलं, तिच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि ते बाजूला झाले. जे पाहिलं ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही.

आईने बाबांची बाही चाचपली. "हे काय घातलंत?"

"दिसतो का?"

"दिसता," ती म्हणाली. "उतरा आता खाली. मागच्यांना खेळ दिसत नाहीये."

त्यानंतर बाबा प्रत्येक सामन्याला तीच जर्सी घालून गेले. पुढे आईला तोही रंग दिसेनासा झाला, तरी ते ती घालत राहिले. शिवणी उसवल्या तेव्हा त्यांनी सीटांच्या जाड दोऱ्याने त्या पक्क्या केल्या. मी एकदा म्हटलं, "बाबा, आता तिला कुठलाच रंग दिसत नाही. आता कशाला?"

"ती मैदानात बसल्यावर दर वेळी विचारते, घातलीत ना म्हणून," ते म्हणाले. "तिला खोटं कसं सांगू?"