पहिल्या पानावरचं नाव

जुन्या पुस्तकाचा कुबट वास आला की मला सौंसरच्या कुसुमताई आठवतात. नागपूरच्या कॉलेजात शिकून आलेल्या आमच्याकडच्या मुलींचं मंडळ त्या चालवत. मंडळाचं कॉलेजचं पुस्तक नागपूरला शिकायला निघालेल्या पुढच्या मुलीला मिळे, आणि कॉलेज पास झाल्यावरच तिनं पहिल्या पानावर आपलं नाव लिहायचं, अशी रीत होती. मी बाई, हाती आलं त्याच दिवशी लिहून बसले.

माझं कॉलेज सुरू व्हायच्या आधीच, छप्पन साली, राज्यं वेगळी झाली. नागपूर तिकडे दुसऱ्या राज्यात गेलं, आम्ही सौंसरचे इकडे हिंदी राज्यात राहिलो. बाबा आईला म्हणाले, "परक्या राज्यात पोरीले कायले पाठवून राहिली?" संपलंच.

पुस्तक परत देताना मी नाव खोडू लागले, तर ताईंनी हात धरला. "राहू दे माय, पुढच्या वर्षी जाशील."

तेव्हा मला धीर आला होता. आता वाटतं, खोडायलाच हवं होतं. त्या पानावर शिकलेल्या पोरींच्या नावांच्या रांगेत न शिकलेली मी अजून उभी आहे.