वकिलातींना धाडलेला तांदूळ

बाळांनो, यंदा तुम्ही दोघे तिकडे, तुमच्या नव्या देशात, पहिल्यांदा मत देणार आहात, म्हणून कामशेतच्या एका तांदूळवाल्यांबद्दल आत्ताच लिहिते.

ते तांदळाचा दाणा दातांनी फोडतात आणि मगच बोलायला लागतात. त्यांचा मुलगा परदेशात वेल्डर होता. कामावर मेलेल्या सोबत्याचा फोटो त्याने पसरवला, म्हणून तिथल्या सरकारने त्याला खटल्याविना तुरुंगात टाकले. आपल्याकडचे अर्ज करून झाल्यावर मी दिल्लीतल्या चार वकिलातींना इंग्रजीत पत्रे लिहिली. प्रत्येक पत्रासोबत त्यांनी किलोभर इंद्रायणी तांदूळ बांधला.

"अहो, वकिलातीत कुणी तांदूळ पाठवतं का?"

"बाई, काम सांगायचं आन रिकाम्या हातानं? मावळची मानसं अशी कशी, म्हनतील."

एका देशाने उत्तरच दिले नाही. दुसऱ्याने तो त्या सरकारचा अंतर्गत प्रश्न ठरवला. तिसऱ्याने तीव्र चिंता व्यक्त केली आणि त्याच आठवड्यात त्या सरकारला लढाऊ विमाने विकली. चौथा तुमचा देश. भेटवस्तू नियमात बसत नाही, असे सभ्यपणे लिहून त्याने तांदूळ परत केला. मुलाबद्दल एक अक्षरही नव्हते.

"पोराचं काय म्हनत्यात?" त्यांनी विचारले.

"बघतो म्हणतात," मी खोटे सांगितले.

दुसऱ्या दिवशी ते कोरा कागद घेऊन लोणावळ्याला माझ्या घरी आले. तुमच्या देशाला आभाराचे पत्र लिहायचे होते. मी ते लिहून दिले.

मुलगा अजून तुरुंगातच आहे. महिन्यातून एकदा त्याचा फोन येतो, त्यावरून तो जिवंत आहे एवढे कळते.